जनीच्या बोटांवरच्या रेघा

पासपोर्ट परत आल्यानंतरही तीन महिने चालणारा हवा.

बर्फ संपला.

केसांतली वेणी काढा, मावशी. फोटोत चेहरा मोकळा पाहिजे.

तिकडे अजून दुपार आहे.

कोळंबी कशी लावली?

दवाखान्याचा विमा. जाण्याचं तिकीट. येण्याचं तिकीट. परत येणारच याचा पुरावा.

परत येणारच, याचा पुरावा लोक काय देतात?

जनी पनवेलच्या मासळीबाजारात बसते. लग्न होऊन कोळीवाड्यात आली तेव्हापासून बसते. तिची एकुलती मुलगी भावना जर्मनीत नर्स आहे. भावनाचे दिवस भरत आलेत. जावई जहाजावर, म्हणजे पाण्यात कुठेतरी. बाळंतपणाला जनीने जायचं आहे आणि त्यासाठी व्हिसा हवा आहे. कागद सगळे झाले. बोटं राहिली.

मुंबईच्या व्हिसा केंद्रात ठशांसाठी काचेवर चार बोटं ठेवायची असतात. जनीने ठेवली. पडद्यावर चार पांढरे डाग आले. रेघ एकही नाही.

‘जरा दाबा, आजी.’

‘दाबतेच हाय.’

‘पुसून ठेवा.’

पुसून ठेवली. डागच. दुसरी तारीख घेऊन या, म्हणाले.

एसटी स्टँडसमोर इंद्रजीतचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, पासपोर्ट, व्हिसा. त्याने जनीची बोटं उजेडात धरून पाहिली.

‘झिजलीत, मावशी. कोळंबी सोलून सोलून सगळ्या रेघा गेल्यात. पण परत येतात. हाताला बर्फ नको, मीठ नको, मासळी तर अजिबात नको. रोज साय चोळा.’

‘मंग मी करू काय?’

‘बसून राहा.’

‘बसूनच असते रे मी. हात बसत नाय.’

बसत नव्हते. गिऱ्हाईक यायचं आणि कोयत्याकडे हात जायचा. मग तिची जाऊ दिपा कोयता स्वतःकडे ओढायची. हात पदराला जायचा, पदर पिळायचा, सोडायचा. पाटी सरळ करायचा. सरळच असलेली पाटी.

‘आली जर्मनीची मेम,’ दिपा बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायची. ‘साय चोळते हाताला. आमच्या चहाला नाय मिळत साय.’

‘तुझ्या चहाला दूध तरी मिळतं का?’

बाजार हसायचा. जनी हसायची. हात मांडीवर. मांडीवरून गुडघ्यावर. पुन्हा मांडीवर.

सायीचा वास येतो बोटांना. जनीला झोपेतसुद्धा आपले हात दुसऱ्या कोणाचे वाटायचे. पण अंगठ्यावर काहीतरी दिसायला लागलं होतं. बारीक, वाकडं. इंद्रजीतने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून घेतला आणि कागद तिच्यापुढे धरला. रेघा. कागद घडी करून तिने पोलक्यात ठेवला.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी दिपाने कोळंबीची पाटी ओट्यावर आणून ठेवली. जनीनेच सांगितली होती. भावनाला सोडे न्यायचे होते, सोलून उन्हात कडक वाळवलेले. बाळंतिणीला सोड्यांचं कालवण लागतंच. सोलणार होती दिपा. दिपा चहा टाकायला आत गेली आणि फोन वाजला.

जनीने फोन तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर भावना. गाल भरलेले, डोळ्यांखाली काळं.

‘झोपत नाय का तू?’

‘कुशीवर होता येत नाही, आई. रात्रभर लाथा मारतं.’

‘बापावर गेलंय. सोनोग्राफी काय बोलली?’

‘सगळं नीट आहे. पण मला भीती वाटते. वॉर्डात मी रोज बघते गं बायकांचं, तरी वाटते.’

‘मी येते ना.’

‘उद्या हात धुऊन, कोरडे करून जा. थंड नको असायला. काय विचारलं तर सरळ सांग, मुलीकडे चाललेय.’

‘मंग काय वाकडं सांगू?’

‘आई, सोडे आण हां.’

‘आणते.’

‘इथे हॉस्पिटलमध्ये पाव देतात, थंड. मी सांगून ठेवलंय, आई येणार आहे म्हणून. त्यांनी खुर्ची ठेवलीये तुझ्यासाठी.’ मग ती थांबली. ‘खांदा कशाला हलतोय तुझा?’

‘कुठं हलतोय?’

‘हलतोय. हात कुठे आहेत?’

जनीने खाली पाहिलं.

डोकं मोडून, अंगठ्याचं नख पाठीत घालून, साल ओढून, धागा काढून. डावीकडे सालं, उजवीकडे मांस. अर्धी पाटी झाली होती. अंगठ्याला दोन ठिकाणी काटा लागला होता. तिला तो लागलेला कळलासुद्धा नव्हता.

दिपा चहा घेऊन दारात उभी होती.

‘जनी. हात दाखव.’

जनीने दाखवले. दिपाने दोन्ही कप खाली ठेवले, आतून सायीची वाटी आणली आणि तिच्या एकेका बोटाला चोळत बसली. पडद्यावर भावना आई, आई करत होती.

काच. चार बोटं. पडदा.

दाबा. पुसा. पुन्हा.

उजव्या हाताची तीन बोटं लागली. डावी दोन. अंगठे नाहीत.

बाहेर फुटपाथवर जनीने इंद्रजीतला फोन लावला. त्याने नवी तारीख शोधली, बराच वेळ शोधली.

‘मावशी, आता मिळतेय ती बाळ झाल्यानंतरची आहे. काय करू? अर्ज मागे घ्यायचा का?’

‘कशाला? बाळ काय जन्मल्या जन्मल्या कामाला जातंय?’

‘म्हणजे घेऊ?’

‘घे. आन ती खुर्ची हाय ना, दवाखान्यातली. भावनाला बोलते मी, उचलू देऊ नको त्यांना.’

त्याला खुर्चीचं काही कळलं नाही. त्याने तारीख घेतली.

पनवेलपर्यंत जनी दोन्ही हातांवर बसून आली. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. थंडी वाजतेय का, म्हणाला.

भावना पहिल्यांदा गेली तेव्हा तिचे ठसे एका खेपेतच उमटले होते. जनीने तिला कधी कोळंबी सोलू दिली नव्हती.