कपाटाच्या मापाची फळी

साहेब, माझी ताई बुडायला लागली ती तुमच्या कपाटामुळे. समुद्राला दोष देऊ नका, आणि तिच्या वजनालाही नको.

किनाऱ्यावरच्या आमच्या सर्फिंगच्या शाळेत नऊ फुटी फळ्या होत्या. रुंद, जाड, दिसायला बेंगरूळ. पण नवशिका माणूस धपकन पोटावर पडला तरी ती फळी त्याला पाण्याच्या वर ठेवायची. हात मारले की पुढे सरकायची. मग तुम्ही सुरक्षिततेच्या नावाखाली सहा फुटी लोखंडी कपाट पाठवलंत. फळ्या मावेनात. कपाट बदलायचं सोडून तुम्ही फळ्या बदलल्यात. लांब फळ्या इथे किनाऱ्यालगत तुमच्या सरकारी ऑफिसमागे साखळीने बांधल्या, वर कुलूप, कुलपावर सील.

"नवशिक्यांना लहानच बरी," तुमचा इन्स्पेक्टर म्हणाला. "पोरांना आपण आधी छोटी सायकल देतो ना?"

"सायकलला रस्ता असतो खाली," आमचे शिकवणारे मास्तर म्हणाले. इन्स्पेक्टर हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्याच सकाळी ताई पहिल्यांदा शिकायला आली. मुलं मोठी झाली, आता माझी पाळी, असं भाऊजींना ठणकावून आली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग नव्या सहा फुटी फळीकडे.

"कमरेइतक्या पाण्यापुढे जायचं नाही, ताई. ही तुम्हाला पेलायची नाही."

"मला कुठे स्पर्धा जिंकायचीय?" म्हणत तिने फळी बगलेत मारली.

तिने ऐकलं होतं, साहेब. कमरेइतक्या पाण्यातच होती. लाट फुटून मागे फिरली आणि तिचे पाय सुटले. खडकांच्या बाजूला पाण्याला ओढ आहे, तिकडे ती निघाली. शिकवल्याप्रमाणे फळीवर आडवी झाली. फळी तिच्याखाली बुडाली. वर राहिली हनुवटी आणि दोन हात. हात जीव तोडून चालत होते आणि ती तसूभर पुढे येत नव्हती.

मास्तर लहान फळी घेऊन धावले आणि पाण्याशी थबकले. "हिच्यावर दोघं गेलो तर दोघंही जाऊ. लांब फळी आण."

मी ऑफिसमागे धावले. इन्स्पेक्टर दारात उभा होता.

"चावी साहेबांकडे आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"मग जा आणि तिला सांगा, मीटिंग संपेपर्यंत तरंगत राहा."

"हे बघा बाई, सील आहे. माझ्या नोकरीवर येईल."

भिंतीवर तुमचं आग विझवायचं नळकांडं टांगलेलं होतं. मी ते उचललं आणि कुलपावर घातलं. तिसऱ्या की चौथ्या घावाला कडी तुटली. इन्स्पेक्टर फोनवर माझं वर्णन सांगत होता.

फळी ओढत आणली तेव्हा ताईचे हात थांबले होते. नुसती फळीला मिठी मारून ती खडकांकडे सरकत होती. मास्तर नऊ फुटीवर झोपले आणि सुटले. मी किनाऱ्यावर नुसती उभी. त्यांनी तिला पुढे आडवी घातली, स्वतः मागे राहिले आणि ओढीला वळसा घालून लांबून आणली. वाळूवर ती पाणी ओकली. खांदा निखळला होता.

"तुझ्या भाऊजींना सांगू नकोस," हे तिचं पहिलं वाक्य. "वजन कमी कर म्हणून जीव खातील."



आता तुमच्या माणसांनी लांब फळ्यांना पुन्हा नवं कुलूप लावलंय, आधीपेक्षा जाड. सरकारी मालमत्ता फोडल्याची तक्रारही माझ्यावर केलीय. ती लढेन मी, त्याचं काही नाही. पण उद्या सकाळी पुन्हा वर्ग आहे. एक सुतार आहे, चांगला धिप्पाड, आणि त्याच्यासोबत त्याची बायको. दोघांना पोहता येतं जेमतेम.

त्यांना कोणती फळी देऊ, साहेब? तोंडाने सांगा, इन्स्पेक्टरला पाठवू नका. मी तुमच्या दारात बसलेय.