राणीमागची राणी

नाणं पारखावं तर रामहरी सराफानंच, असं सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर बोललं जायचं. माणसं पारखण्यात मात्र गडी ठार आंधळा. नसता, तर पोटची पोर मंगळवेढ्याच्या त्या घरात दिली असती का?

सोजरला जाऊन तीन वर्षं झाली होती. पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली, असं सासरच्यांनी सांगितलं. बापानं तिच्या गळ्यात घातलेला राणीछाप रुपयाही विहिरीनंच गिळला म्हणाले. जावयानं वर्षाच्या आत दुसरी केली.

ती दुसरी, बजा, आज भर दुपारी एकटीच दुकानात आली. सवतीचं माहेर ते आपलंच माहेर, या रीतीनं रामहरीच्या पाया पडली. मग गळ्यातला सवतीचा टाक काढून तिनं पुढं ठेवला. मेलेलीनं छळू नये म्हणून दुसरीनं तिच्या नावानं घालायचा तो टाक. सासूनं त्यासाठी एका राणीछाप रुपयालाच कडी लावून दिली होती. बजाचं म्हणणं एवढंच, की राणीच्या तोंडामागून दुसरं तोंड डोकावतंय. सवत बाहेर येतेय. डोळ्याला डोळा लागत नाही.

रामहरीनं भिंग लावलं. राणीचं नाक, ओठ, हनुवटी, सगळंच दुहेरी. टांकसाळीत पाडताना रुपया हलला असता तर दुसरी रेघ चपटी, फरफटलेली उमटली असती. इथं दोन्ही रेघा सारख्याच गोल, भरीव. म्हणजे चूक ठशातलीच. ठसा घडवताना दोनदा दाबला आणि दुसऱ्या वेळी जरा सरकला.

"भ्यायचं कारण न्हाय," तो म्हणाला. "ह्या ठशाचा हरेक रुपया असाच निगतो. सगळा मनाचा खेळ हाय. जा घरी."

बोलला आणि त्याला आठवलं. सोजर शेवटची आली होती तेव्हाही तो हेच बोलला होता. सासूची भीती वाटते म्हणत होती पोर, आणि या शहाण्यानं समजूत घालून तिला गाडीत बसवून दिली होती.

त्यानं पेटीतला जपलेला रुपया काढला. उभ्या आयुष्यात असे दुहेरी तोंडाचे दोनच हाती आले होते. एक सोजरच्या गळ्यात घातला, एक हा. दोन्ही शेजारी ठेवले. केसाचा फरक नव्हता.

आता एका ठशाचे हजारो रुपये निघतात, हे त्याला कोणी सांगायला नको. पण त्यातला हा नेमका त्याच घरात कसा? आणि पाय घसरलेली बाई काय गळ्यातलं काढून ठेवून पडते?

सासूनं हा कुठून आणला, असं त्यानं विचारलं. तिच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत होता, असं बजा म्हणाली.

"आन् पान्याला कोन जातं?"

"मीच की. आता आठ दिस झालं, सासूबाई बी येत्यात मागनं."

उन्हं कलायच्या आत निघायला हवं म्हणून बजानं टाकासाठी हात पुढं केला. रामहरीनं तो हातच धरला.

"हितंच ऱ्हा पोरी. तितं न्हाय जायाचं."

हे बोलायला त्याला तीन वर्षं उशीर झाला होता. भिंगाखाली राणीमागून सोजर बघत होती, आणि त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं.