तळ्यातली विरळणी

दौलतरावांना आठ दिवसांपासून घरात बसवत नव्हतं. फटफटलं की ते शेततळ्यावर धावायचे. मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत असायचे, दहा-वीस मरून तरंगत असायचे. ते गुपचूप उचलून संत्र्याच्या बुडाशी पुरायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "सरितानं माशाचं बीच खराब देल्लं!"

सरिता त्यांच्याच गावात, किन्हीराजात, माशांची पिल्लं वाढवून विकायची. बोलणं गावभर झालं आणि तिची गिऱ्हाइकं दारावरूनच परतू लागली. बदनामीला पाय फुटायला वेळ लागतो का कधी!

खरी गोष्ट दौलतरावांनाच ठाऊक होती. सरितानं बजावलं होतं, "काका, तुमच्या तळ्यात आठशेच सोडा." यांनी मान डोलावली आणि शेलूबाजारहून आणखी बाराशे आणून सोडले. सहा महिने झाले तरी मासे वितीपलीकडे वाढेनात. म्हणून यांनी खाद्याची सरकीची ढेप जास्त टाकली. उरलेली ढेप सडली आणि पाणी आणखीच बिघडलं.

एका पहाटे त्यांच्या मागोमाग लिलाबाई तळ्यावर आल्या. नवऱ्याच्या हातातले मेलेले मासे त्यांनी पाहिले.

"किती सोडले होते? खरं सांगा."

"दोन हजार," दौलतराव पुटपुटले.

"काहून?"

"वाटलं, अर्धे तं मरतीनच. सरकी नाई टोबत आपन एका जागी दोन-दोन?"

"टोबतो. अन् दोन्ही उगवले तं?"

"एक उपटतो."

"तुमी नाई, मी उपटतो, वाकून वाकून! दोन्ही ठेवले तं एकालेबी धड बोंड लागत नाई. इथं कोनं विरळणी केली? एवढ्याशा पान्यात दोन हजार जीवाईनं दम कसा घ्यावा? अन् तुमी त्या पोरीचं नाव खराब करून राह्यले!"

दौलतरावांच्या हातून मासे गळून पडले. केवढी हाव! आणि वर केवढं खोटं!

ते तडक सरिताच्या अंगणात गेले. शेजारीपाजारी जमले, तशी त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "बाई, तुयं बी चांगलं होतं. दोन हजार मीच कोंबले. चूक माही हाये."

सरिताचे डोळे भरून आले. पण ती एवढंच म्हणाली, "काका, आधी ढेप बंद करा. माहं मोठं तळं रिकामं हाये, जाळं घेऊन येतो."

ऊन चढायच्या आत निम्म्याहून अधिक मासे सरिताच्या तळ्यात गेले आणि दौलतरावांच्या तळ्यात विहिरीचं ताजं पाणी सुटलं. दोन-तीन दिवसांनी पहाटे पाहिलं, तर पाण्यावर एकही तोंड दिसेना.

मंडळी, जास्त कोंबलं म्हणजे जास्त मिळत नाही. जेवढ्या जीवांना मोकळा श्वास देता येईल, तेवढेच पाळावेत. आणि आपल्या हावेचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नये.

दौलतराव सरकी अजूनही दोन-दोनच टोबतात. पण यंदा विरळणीला लिलाबाईंच्या शेजारच्या ओळीत तेही वाकले होते.