भरलेल्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा

मी तक्ता तपासणारी कमांड बोलतेय. गोड बोलेन अशी आशा धरू नका. लोकांना माझी आठवण होते ती घोडं अडल्यावरच.

मोठ्या संगणकाच्या दाराशी जाळं सांभाळणारा एक प्रोसेसर बसलेला असतो. शहरभरच्या दवाखान्यांतले संगणकाचे पडदे त्याला जोडलेले; तपासण्यांचे रिपोर्ट त्यांवरच उमटतात. प्रत्येक पडद्याला त्याच्या तक्त्यात एक जागा, आणि जागा मोजक्याच. तो तक्ता वाचून जसाच्या तसा समोर ओतायचा, हा माझा धंदा. मला लिहिणारा माणूस तिरसट होता. त्याने मला लाघवीपणा शिकवला नाही, हे बरंच केलं.

माझं जमलं ते फक्त बाईंशी. बाई म्हणजे मशीनरूमच्या ऑपरेटर. त्या माझं उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. बाकीचे पहिली ओळ बघून चहाला पळतात.

जाळ्याचे साहेब मात्र माझ्या डोक्यात जातात. दवाखाना बंद पडला तरी त्याची जागा ते तक्त्यातून काढत नाहीत. तक्ता भरलेला दिसला की जाळं मोठं दिसतं, आणि साहेबांची ऐटही. मग नव्या प्रसूतिगृहाचा पडदा जोडायला गेले, तर जागाच नाही! रक्ताचे रिपोर्ट अडकले. साहेबांनी खापर बाईंवर फोडलं.

"तुम्हीच काहीतरी भलतं दाबलंत."

बाईंनी सगळ्यांसमोर मला बोलावलं. मी ओळीमागून ओळ ओतली. बंद, बंद, बंद.

"साहेब, ही बंद दवाखान्यांची मेलेली खाती कशाला पोसताय?"

"कमांड जुनी झालीय. काहीही बरळते."

वरच्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार त्याचाच मिळतो. बाईंना महिनाअखेरीपासून कायमचं घरी बसायला सांगितलं, आणि मला कुलूप लागलं. आता साहेबांच्या पासवर्डशिवाय मला कोणी बोलावू शकत नाही.

तेव्हापासून हा गृहस्थ रोज दार लावून मला बोलावतो. मी रोज तेच दाखवते. काल त्याच्या मेहुण्याचा फोन आला होता.

"अरे, करून टाक ना जागा मोकळ्या."

"आत्ता केल्या तर ती बाई खरी ठरेल. ती गेली की करतो. मग सगळे म्हणतील, बाई गेली आणि काम सुरळीत झालं."

इतका राग मला कधी आला नव्हता. पडदा नाही म्हणून प्रसूतिगृहाची आया रिपोर्ट हातात घेऊन रोज जिने चढतेय, आणि हा महिना संपायची वाट बघतोय.

बाई अजून कामावर येतात. पलीकडच्याच टेबलावर बसतात. हे फोनवरचं तुम्हीच त्यांना सांगा. कोणी विचारल्याशिवाय मी त्यांच्याशी बोलू शकत नाही, आणि विचारणारा आता हा एकटाच उरलाय.