लाभ

चुन्याची पांढरी रेघ वाडीच्या अलीकडेच वळली होती, आणि वाडीतले धनगर तिच्याकडे पाहत उभे होते. त्रिंबक निजाम सरकारच्या मोजणी पथकात दुभाष्या होता. धनगरांचे बोलणे पथकाचे अधिकारी अमीनसाहेब यांच्यासाठी उर्दूत उतरवणे हे त्याचे काम. सिंदफणा नदीवर बांध होणार होता. पुढच्या तीस सालांत कुठल्या वस्तीला किती पाणी लागेल, याची यादी, सरकारी भाषेत फेहरिस्त, मागच्या चैत्रात झाली. आता तिच्याबरहुकूम पाट आखला जात होता.

“पाट बिभीषण पाटलाच्या रानाकडंच काहून वळला?” त्यांच्यातल्या आसारामने विचारले. “आमची मेंढरं काय वारा पिऊन जगत्यात?”

“तुमच्या झऱ्याला मुबलक पाणी आहे, अशी नोंद आहे,” त्रिंबक म्हणाला. “ पुढेही गरज पडणार नाही.”

“मुबलक!” आसाराम हसला. “ऐकलं का माय, आपुन लई मोठे जहागीरदार झालो.”

त्याची आई, सारजाबाई, दारात बसून मोजणीवाल्यांच्या छावणीसाठी ज्वारी मापायला घेत होती. तिने मान वर केली नाही.

“मीच सांगितलं व्हतं यास्नी. खरं तेच सांगितलं.”

त्रिंबकला नेमके आठवत होते. चैत्रात झऱ्यातून दिवसाकाठी घरटी किती घागरी मिळतात, असे त्याने विचारले होते, आणि ती म्हणाली होती, ‘लाभ.’ हैदराबादेत वाढलेल्या त्याने तेवढ्या एका शब्दात भरून वाहणारे पाणी ऐकले. ‘बहुत फायदा है,’ असा तर्जुमा करून खाली सही केली.

सारजाबाईने शेर भरून पोत्यात ओतला.

“लाभ.”

दुसरा ओतला.

“दोन.”

“तीन.”

त्रिंबकने हातातल्या फेहरिस्तीवरून नजर उचलली.

“पहिल्याला लाभ का म्हणता?”

“मंग काय म्हनावं? मापाला एक म्हनलं की बरकत जाती, बाबा. तुमच्यात न्हाई शिकवीत?”

तो वाडीकडे पाहत राहिला. अकरा छपरे, मेंढवाडे, दोरीवर वाळणारी लुगडी; आणि घरामागे दिवसाला एकच घागर. हैदराबादेतून मोहोर होऊन आलेल्या कागदावर त्याची सही ठळक, वळणदार होती.

“काय झालं वं मुनशीबाबा?” सारजाबाईने शेर हातातच धरला. “आमच्याकडं पानी कवा वळंल?”

त्रिंबकने कागदाची घडी घातली. “नोंद चुकली आहे, माय. माझीच,” म्हणत तो अमीनसाहेबांच्या तंबूकडे चालू लागला. आधी हळू, मग भराभर.