दोन बोटं आखूड

हाताने केलेल्या वस्तूंच्या त्या मोठ्या मेळ्यात आमच्या लेकीला जागा मिळाल्याचं कळलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "चला, घरातला लाकडाचा भुसा तरी जरा कमी होईल." आनंद पोटात मावत नव्हता, पण आमच्याकडे आनंद असाच बोलून दाखवतात. आधी तीनदा तिने अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा नकार आला होता. तिथे कोणीही उठून दुकान मांडू शकत नाही. परीक्षक बंद खोलीत नुसते फोटो बघतात, खाली नावही नसतं, आणि ढिगातून मूठभर माणसं निवडतात. वशिल्याचं काम नाही. आमचा वशिला कुठेच नसल्यामुळे मला ही पद्धत फार पसंत होती.

लेक काठ्या करते. चालायच्या. तिशी उलटून गेली तरी घरात ती छोटीच आहे, आणि छोटीने चांगली नोकरी सोडून काठ्या करायला घेतल्या तेव्हा नातेवाईकांनी माझ्यापुढे तोंडभरून हळहळ व्यक्त केली. मीही विचारलं होतं, काठीत करण्यासारखं असतं तरी काय? एक दांडा, वर मूठ. तेव्हा तिने मला दोन मुठी दिल्या, एक डाव्या हाताची आणि एक उजव्या हाताची, आणि डोळे मिटायला लावले. डावी उजव्या हातात घेतली की लगेच कळायचं. मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही.

मेळ्यातल्या आमच्या स्टॉलवर सगळ्या काठ्या मुद्दाम लांब ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकाने एखादी पसंत केली की छोटी त्याला बूट-चपला घालूनच सरळ उभं करायची, हात सैल सोडायला सांगायची आणि जमिनीपासून मनगटापर्यंत माप घ्यायची. काठीची मूठ बरोबर मनगटाच्या घडीशी यायला हवी. मग तिथेच करवतीने खालचा तुकडा कापायचा, टोकाला रबरी बूच बसवायचं आणि काठी हातात द्यायची. मागे पाटी लावली होती: 'काठीने माणसाच्या मापाचं व्हावं, माणसाने काठीच्या नव्हे.' वाक्य माझं, अक्षर तिचं. येणारा प्रत्येक दुसरा माणूस पाटी वाचून म्हणायचा, "मुलगी म्हणजे म्हातारपणाची काठी, नाही का!" आणि आपणच हा विनोद जन्माला घातल्यासारखा हसायचा. मीही हसायचे. धंदा आहे.

आमचे हे कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर बसले होते. घरी थांबा म्हटलं तर ऐकले नाहीत. येऊन बसल्याचं दुःख नव्हतं, दुःख त्यांच्या काठीचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा छोटीने त्यांना एक काठी करून दिली होती. तिच्या हातची ती पहिलीच. मूठ बत्त्याएवढी जाड, पॉलिश कुठे आहे कुठे नाही. त्यानंतर तिने त्यांना अक्रोडाच्या लाकडाच्या तीन सुरेख काठ्या दिल्या. तिन्ही कपाटामागे उभ्या आहेत. बाहेर पडताना हे तीच जुनी उचलतात. विचारलं तर म्हणतात, "हाताला सवय झालीय."

"बाबा, निदान इथे तरी ती नको," छोटी सकाळी म्हणाली होती. "मी काठ्या विकायला बसलेय आणि माझेच बाबा तो सोटा घेऊन फिरतायत. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, ते माझे कोणी लागत नाहीत," हे म्हणाले.

शेवटी तिने त्यांच्या खुर्चीवर एक कापड असं टाकलं की काठी झाकली जाईल. दुपारी परीक्षक स्टॉल बघायला येणार होते. बक्षिसाच्या रकमेचं तिला काही नव्हतं. पण बक्षीस मिळेल त्याला पुढच्या वर्षी फोटो न पाठवता, परीक्षेला न बसता, थेट जागा मिळते. छोटीचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. तीन नकारांच्या वेळी ती कशी जेवणाच्या टेबलाशी बसून राहायची ते मी बघितलं होतं. मला ते चौथ्यांदा बघायचं नव्हतं.

परीक्षक म्हणून एक बाई आल्या. स्वतः खुर्च्या करणाऱ्या, असं छोटीने आधीच सांगितलं होतं. चष्मा दोरीला लटकलेला, नखांत रंग. मला बाई आवडल्या. त्यांनी एकेक काठी हातात घेतली, मूठ दाबून बघितली, छोटी एका आजोबांचं माप घेत होती तेव्हा शांतपणे बघत उभ्या राहिल्या. पाटी वाचून मान डोलावली. छोटीचे कान लाल झाले होते, म्हणजे सगळं चांगलं चाललं होतं.

आणि नेमके तेव्हाच आमचे हे उठले. घरात पाहुणे आले तरी खुर्चीला चिकटून बसणारा माणूस, पण बाई उभ्या आहेत आणि आपण बसलोय हे त्यांना बरं दिसेना. कापड खाली पडलं. काठी टेकून ते उभे राहिले आणि नमस्कार केला.

बाईंनीही नमस्कार केला. मग त्यांची नजर ह्यांच्या खांद्यावरून काठीवर, काठीवरून बुटांवर गेली.

"काका, जरा दोन पावलं चालता का?"

हे चालले. मी रोज संध्याकाळी ह्यांच्या शेजारून चालते. उजवा खांदा उतरलाय, पाठीला बाक आलाय, हे मलाही दिसत होतं. वय झालं, एवढं म्हणून मी सोडून दिलं होतं. आता दुसऱ्या बाईच्या नजरेने बघितलं. माणूस काठीकडे वाकून चालत होता.

"ही काठी कोणाची?" बाईंनी विचारलं.

"बाजारातून आणलेली आहे," हे म्हणाले. "स्वस्तात मिळाली होती."

मी बघतच राहिले. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. नको असलेला पाहुणा फोनवर 'घरी आहात का' विचारतो, तर हे 'आहे' म्हणून सांगतात. आणि इथे डोळ्याची पापणी न हलवता बोलले. माझ्या लक्षात आलं, कशासाठी बोलले ते. मी छोटीचा हात टेबलाखाली घट्ट दाबला. गप्प बस, एवढाच अर्थ होता त्याचा. बाई पुढच्या स्टॉलवर जातील, मग काय ते बघू.

छोटीने हात सोडवून घेतला.

"बाजारातली नाही. मी केलीय. माझी पहिली काठी आहे ती." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, सरळ उभे राहा. हात सोडा."

तिने माप लावलं. मूठ मनगटापर्यंत पोचत नव्हती. मध्ये दोन बोटं सहज मावली असती. तिने पुन्हा लावलं, तरी तेवढंच. मग ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली, ह्यांच्या बुटांकडे बघत. जाड तळव्याचे बूट, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी घालायला लावलेले.

"अनवाणी," ती म्हणाली. "मी तुम्हाला पलंगाशेजारी अनवाणी उभं करून माप घेतलं होतं. बूट नंतर आले. आणि घरात तर तुम्ही भिंत धरूनच चालता."

सगळ्या जगाला बूट घालून उभं करणारी आमची लेक, आणि दिव्याखाली हा अंधार. पुढच्या तिन्ही काठ्यांचं माप तिने बुटांसकट घेतलं होतं. पण पहिली पुन्हा तपासायचं तिला सुचलं नव्हतं, आणि आम्हालाही नाही.

"बाबा, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पहिल्या दिवशीच, फाटकापाशी."

"मग सांगितलं का नाही?"

हे जरा अवघडले. परीक्षक बाईंसमोर घरच्या गोष्टी बोलायच्या म्हणजे त्यांना शिक्षाच. "तू खिडकीत उभी होतीस," ते म्हणाले. "इतकी खूश होतीस. म्हटलं, दोन बोटांचा तर प्रश्न आहे. आपण वाकू थोडं. मग सांगायचं राहूनच गेलं."

"आणि त्या तिन्ही?"

"त्या चांगल्या आहेत गं. पण त्यांनी खांदा दुखतो."

मला रडू येत होतं आणि ह्यांचा रागही येत होता, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी टेबलावरच्या काठ्या उगाच नीट लावल्या. परीक्षक बाईंनी छोटीला हात देऊन उठवलं. "माझी पहिली खुर्ची माझ्या मावशीकडे आहे," त्या म्हणाल्या. "आता जाऊन बघायला हवी." आणि कागदावर काहीतरी टिपून पुढे गेल्या.

बक्षीस समोरच्या काचवाल्याला मिळालं. त्याची भांडी खरोखर सुंदर होती, त्यामुळे त्याला शिव्याही देता येईनात. आमचं ह्या प्रकारामुळे गेलं की तसंही जाणारच होतं, कोण जाणे. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा फोटो आणि पुन्हा वाट बघणं.

"काय गरज होती उठायची?" मी ह्यांना म्हणाले.

"बाई उभ्या होत्या," हे म्हणाले.

सामान आवरताना छोटीने ह्यांच्या हातातून काठी काढून घेतली. मला वाटलं, आता मोडून टाकते. तिने बूच काढलं, करवतीपाशी पडलेल्या तुकड्यांतून एक निवडला आणि त्याची बिस्किटाएवढी पातळ चकती कापली. मधोमध भोक पाडून चकती काठीच्या टोकाला स्क्रूने बसवली आणि वरून पुन्हा बूच चढवलं.

"एवढीच?" मी विचारलं. "अजून कितीतरी कमी आहे."

"एकदम उंच केली तर त्या तिघींसारखीच कपाटामागे जाईल. शरीर आता हिच्या मापाचं झालंय, आई. थोडी थोडी वाढवत नेऊ. दुखायचं थांबलं की पुढची चकती."

आम्ही पार्किंगकडे निघालो. छोटी खोकी घेऊन पुढे, मी आणि हे मागे. मी नेहमी ह्यांच्या डाव्या बाजूने चालते. आज उजव्या बाजूला गेले, उतरलेल्या खांद्याच्या. गाडी जवळ आली तसे हे थांबले. काठी एकदा ह्या हातात घेतली, एकदा त्या हातात. छोटी वळून बघायला लागली.

"काय झालं बाबा? उंच वाटतेय का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"उंचीचं नाही," ते शेवटी म्हणाले. "पण छोटे, ही मूठ तळहाताला बोचते. इथे, अंगठ्याखाली. पहिल्यापासून बोचते."

छोटीने खोकी खाली ठेवली. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी मेळ्यात जागा मिळाली तेव्हाही बघितला नव्हता. "अजून काय?" तिने विचारलं.

"पॉलिश हाताला लागतं, घाम आला की."

"अजून?"

"सध्या एवढंच. आठवलं की सांगतो."

ती तिथेच फरशीवर बसली, पिशवीतून कानस काढली आणि मूठ घासायला लागली. मागून आलेल्या गाडीने हॉर्न वाजवला, तर मी त्यांना हाताने वळून जायला सांगितलं. मूठ घासून होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच थांबलो.