पुढची आठ सेकंदं

लोडशेडिंगची लाइट जायला अर्धा तास होता. क्लासच्या नांदेडच्या शाखेला पाठवायचा उद्याच्या चाचणीचा पेपर कंप्युटर सांभाळणाऱ्या सालेहाने उघडायला घेतला आणि सर्व्हरच्या पोटात टक् झालं. थोडं थांबून पुन्हा टक्. कुणी तरी आतून कडी वाजवत असावं तसं. पडद्यावर ओळ उमटली, की डेटाची डिस्क वाचता येत नाही. तिनं तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तीच ओळ. डिस्क मेली होती.

आणि भिंतीपलीकडे, स्टाफरूममध्ये, सिंधुवहिनी बोलत होत्या.

सालेहा पडदा सोडून भिंतीकडे बघू लागली. वहिनींना जाऊन अकरा वर्षं झाली होती, त्याचं नवल नव्हतं. उद्धवसर रोज सकाळी आणि दुपारच्या सुट्टीत त्यांचा आवाज लावायचे, अख्ख्या क्लासला तो पाठ होता. नवल हे, की त्या आवाजाची फाइलही त्याच मेलेल्या डिस्कवर होती.

उद्धवसर म्हणजे क्लासचे फिजिक्सचे सर. भूकंपाच्या साली ते लातुरात एकटेच खोली घेऊन राहायचे. बायको सिंधुवहिनी आणि चार वर्षांची मुलगी वैष्णवी गावी, औसा तालुक्यात, जिथली जमीन वर्षभर अधूनमधून हादरायची. वहिनींना लिहायचा कंटाळा. त्या कॅसेटवर बोलायच्या आणि एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायच्या. गणपती उठायच्या दोन दिवस आधी अशीच एक कॅसेट आली. सरांनी ती टेबलाच्या खणात टाकली, कारण चाचणीचे पेपर तपासायचे होते. आमच्या ह्या शहराला मार्कांचं खूळ लागलं ते तेव्हाच, आणि खूळ लागलेल्याला घरदार दिसत नाही. कॅसेट ऐकायची राहून गेली. गणपती उठले, आणि उजाडायच्या आत गाव जमीनदोस्त झालं. दोघीही गेल्या.

मग सरांनी कॅसेट ऐकली, पण पुरती नाही. चौदा मिनिटांनी वहिनी म्हणतात, "एक इचारायचं व्हतं तुमाला," आणि तिथं सर बटण दाबायचे. पुढचं ऐकायची छाती त्यांना कधी झाली नाही. त्याच जागी दाबून दाबून फीत विरली, तेव्हा ते ती सालेहाच्या अब्बांकडे घेऊन आले. त्यांचं, ताहेर टेपवाल्यांचं, दुकान गंजगोलाईच्या बाजारात होतं. त्यांनी फीत कशीबशी एकदा चालवून आवाज क्लासच्या कंप्युटरात उतरवला आणि फितीचे तुकडे झाले. शेवट काय आहे ते फक्त अब्बांनी ऐकलं. सरांनी विचारलं नाही, अब्बांनी सांगितलं नाही, आणि गेल्या वर्षी अब्बाही गेले. फाइलची दुसरी प्रत काढायची असं सालेहा वर्षभर घोकत होती. आज काढू, उद्या काढू. आता तिचं तिलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

आवाज थांबला. सर दारात आले. "हँग झालं का गं? बंद करून चालू कर की." त्या क्लासात प्रत्येक दुखण्यावर हेच एक औषध होतं. बोलता बोलता त्यांचा हात बटणाकडे गेलाही.

"हात लावू नका!" सालेहा ओरडली. सरांवर ती जन्मात पहिल्यांदा ओरडत होती. "सर, डिस्क गेलीय. वैनींचा आवाज आता डिस्कवर न्हाई. नुसता मेमरीत हाय."

"अगं, आत्ताच तर वाजला."

"तो कर्नलनं वाजवला."

"लष्करातला?"

एरवी ती हसली असती. "मशीनचा कारभारी म्हणा. फाइल मागितली की तो डिस्कवरून तिची पानं काढून मेमरीत आणून ठेवतो. पुन्हा मागितली तर डिस्ककडं जातच न्हाई, ठेवलेली पानं देतो. सकाळी तुमी ऐकलं तेव्हा डिस्क जित्ती होती. आत्ता वाजलं ते सकाळी आणून ठेवलेलं."

"मग काढून घे."

"काढते. पर मेमरी लहान हाय. दुसरं काई वाचाय लावलं तर जागा करायला तो हीच पानं फेकून देईल. आन लाइट गेली तर समदंच गेलं."

यूपीएसची बॅटरी महिन्याभरापासून नुसती शोभेला होती, फार तर पाच-दहा सेकंदं टिकायची. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"पुरतं येईल ना?" सरांनी हळूच विचारलं.

"मागितलेलीच पानं आणतो तो, सर."

फिजिक्सचा माणूस, त्यांना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे मी ऐकलं तेवढंच. रोज तेवढंच मागितलं मी."

"थोडं पुढचं बी असंल. माणूस पुढं वाचणार असं धरून तो आपणहून दोन-चार पानं जास्तीची आणतो. आपल्या मशीनवर..." तिनं बोटांवर मोजलं. "आठ सेकंदं."

फोन वाजू लागला. नांदेडहून क्लासचे मालक, पेपर हवा म्हणून. बाराशे पोरांची चाचणी होती आणि सालेहाची नोकरी त्याच फोनच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं तो वाजू दिला.

आतल्या दुसऱ्या, धडक्या डिस्कवर प्रत काढायचा हुकूम तिनं दिला. आकडा सरसर वाढत गेला आणि अडला. टक्. टक् टक्. कर्नल मेलेल्या डिस्कचं दार पुन्हा पुन्हा ठोठावत होता. तेवढ्यात पंखा मंदावला. लाइट दहा मिनिटं आधीच गेली. यूपीएस किंचाळायला लागला. काढलेली प्रतही अजून मेमरीतच तरंगत होती. ती डिस्कवर उतरव असं सालेहाने टाइप केलं, दिवा लुकलुकला, आणि पडदा काळा झाला. उतरलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

लाइट यायची होती पाचला. उद्धवसर बॅचवर गेले नाहीत. बंद मशीनसमोर घाम पुसत बसून राहिले. सालेहाने आणलेल्या चहावर साय धरली.

पाचला मशीन उठलं. फाइल होती. चौदा मिनिटं, आठ सेकंदं. सालेहा उठायला लागली तर सर म्हणाले, "थांब. माझ्यानं एकट्यानं न्हाई ऐकवणार."

"एक इचारायचं व्हतं तुमाला," वहिनी म्हणाल्या. सरांचं बोट सवयीनं बटणावर गेलं. सालेहाने ते धरून ठेवलं.

"घरात निजायचं लई भ्या वाटायलंय. वैष्णवीला घिऊन उद्याच्या एसटीनं तिकडं येऊ का? कंडक्टरजवळ निरोप द्या, म्हंजे..."

आणि मग काही नाही. नुसती शांतता, आणि डिस्कची टक्.

पाचच्या बॅचची पोरं जिना चढत होती.

"कंडक्टर थांबला होता गं," ते म्हणाले. "मी पेपर तपासत होतो, तो दारात उभा. काई निरोप हाय का, म्हणाला."

सालेहाने त्यांचं बोट अजून धरलेलंच होतं.

"मी म्हटलं, काई न्हाई."